सव्वातीन फुटांचा मुलूख

लॉर्ड मेयो यांचे नाव महाराष्ट्रात फारसे कोणी घेत नाही, आणि घेतलेच तर 1872 साली अंदमानात एका कैद्याच्या सुरीला बळी पडलेला व्हाइसरॉय एवढ्यापुरतेच ते घेतले जाते. परंतु पुण्याहून मिरजमार्गे बंगळूरला, किंवा मद्रासच्या एगमोर स्थानकावरून रामेश्वराला, ज्याने ज्याने गेल्या शतकात आगगाडीने प्रवास केला असेल, त्याच्या गाडीची गती, त्याच्या बाकाची रुंदी आणि वाटेत किती ठिकाणी बोचकी डोक्यावर घेऊन गाडी बदलावयाची या साऱ्याचा निकाल या गृहस्थाने आधीच लावून ठेवला होता.

हिंदुस्थानातील रूळ साडेपाच फूट रुंदीचे असावेत हे डलहौसीच्या काळी ठरले. इंग्लंडातील रूळ चार फूट साडेआठ इंचांचे. कंपनीच्या संचालकांना इकडेही तेच हवे होते, डलहौसीचा आग्रह सहा फुटांचा होता, आणि घासाघीस होऊन साडेपाचावर तडजोड झाली. या प्रशस्त रुळांवर जी. आय. पी., मद्रास रेल्वे वगैरे कंपन्यांनी आपापले मार्ग टाकले खरे; पण त्यांच्या भांडवलावर दरसाल शेकडा पाच व्याजाची हमी सरकारने घेतलेली असल्यामुळे, खर्च कितीही फुगला तरी भागीदार निश्चिंत आणि सरकारी खजिना मात्र चिंताक्रांत, असा प्रकार सुरू झाला. हा हमीचा मामला थांबवून सरकारने स्वतःच लोहमार्ग बांधावेत, आणि ते स्वस्तात बांधता यावेत म्हणून रुळांमधील अंतरच कमी करावे, हा विचार मेयोच्या आधीचे व्हाइसरॉय लॉरेन्स यांच्या अमदानीत रुजला आणि मेयोच्या अमदानीत फळास आला. 1870 साली ज्या तज्ज्ञांचा सल्ला घेतला त्यांच्यात एकमत होईना. कोणी पावणेतीन फुटांचा पुरस्कार केला, कोणी साडेतीन फुटांचा. मेयोने या दोहोंच्या मधोमध बोट ठेवले, आणि दशमान पद्धतीची मापे या देशात लवकरच चालू करावयाची असा सरकारचा बेत असल्यामुळे तो आकडा नेमका एक मीटर, म्हणजे तीन फूट तीन पूर्णांक तीन अष्टमांश इंच, असा पक्का केला. मापांचा तो बेत दप्तरातच राहिला. शेर, मण, गज आणि वार यांचा कारभार पुढे ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे बिनबोभाट चालला, आणि 1956 च्या कायद्यानंतर मीटर कापडाच्या दुकानात पोहोचला. तोवर दक्षिणेतील दोन-तीन पिढ्या त्या मीटरवरून प्रवास करून परलोकवासीही झाल्या होत्या.

रुळांमधील अंतर सव्वादोन फुटांनी घटले की नुसता डबा लहान होतो असे नाही. सगळा हिशेबच बदलतो. वळण अधिक आखूड घेता येते, म्हणून डोंगर फोडण्याऐवजी त्याच्या कुशीने वळसा घालता येतो. इंजिन हलके, म्हणून वारामागे चाळीस पौंडांच्या आसपास वजनाचे रूळ पुरतात. भराव अरुंद, पूल हलके, खडी थोडी, आणि जमीन संपादन करताना शेतकऱ्याचे वावरही कमीच तुटते. ज्याच्या हाती पैसा आहे तो अभियंता नकाशावर सरळ रेघ ओढून तिच्या आड येणाऱ्या भूमीस वठणीवर आणतो. ज्याच्या हाती तो नाही त्यास भूमीच्या कलाने घ्यावे लागते. मला या अरुंद रुळांचा जो छंद लागला आणि ज्यापायी मी सवड मिळेल तेव्हा दक्षिणेच्या पॅसेंजर गाड्यांत दिवसचे दिवस घालविले, त्याचे कारण हेच की या गाड्या ज्या वाटेने जात ती वाट त्या भूमीनेच बहुतांशी ठरवून दिलेली असे, आणि खिडकीशी बसलेल्या माणसास ती आपोआप उमगत जाई.

मात्र या काटकसरीची किंमत कोणी मोजली हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. जेथे दोन मापांचे रूळ एकमेकांस भेटत तेथे एका रुळावरची वाघीण दुसऱ्यावर चढू शकत नसे, म्हणून मालधक्क्याच्या एका अंगास थोरली वाघीण आणि दुसऱ्या अंगास धाकटी अशा उभ्या करून, एकीतला दाणा न् दाणा दुसरीत नेण्याचे काम हमालांच्या पाठीवर पडे. हाती आकडा, पाठीवर गोणपाटाची खोळ, आणि दोन वाघिणींच्या दरम्यान टाकलेली एक लवलवती फळी. शेजारी पेन्सिलीने नग टिपणारा कारकून. शेंगा, गूळ, कौले, कापसाचे गठ्ठे, सारे असेच एकीकडून दुसरीकडे जाई, आणि फुटलेल्या कौलांचे व गळालेल्या पोत्यांचे दावे वर्षानुवर्षे कंपनीच्या कचेरीत पडून राहत. उतारूंचीही तीच गत. ज्यांनी रात्री-अपरात्री लेकुरवाळ्या बायकांना घेऊन असा बदल केला आहे, त्यांच्यापुढे मीटरगेजच्या सौंदर्याचे पोवाडे गाण्याचे धाडस मी तरी करणार नाही. मिरजेस तर 1971 साली पुण्याकडून ब्रॉडगेज आल्यावर तिन्ही मापे एकत्र नांदू लागली: पुण्या-कोल्हापूरकडची थोरली, हुबळीकडची मधली आणि कुर्डुवाडी-पंढरपूरकडची बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी धाकटी. तीन थरांचे हे स्थानक रुळांच्या छांदिष्टास पर्वणी होती आणि सामानवाल्या उतारूस शिक्षा.

मिरजेच्या दक्षिणेस जो मार्ग जातो तो ज्या कंपनीने घातला तिचे नावच सदर्न मराठा रेल्वे. 1876 ते 1878 या वर्षांच्या भीषण दुष्काळात विजापूर, धारवाड, बेल्लारी या पट्ट्यांत माणसे अन्नावाचून मेली, आणि मेली ती देशात धान्य नव्हते म्हणून नव्हे, तर असलेले धान्य तेथवर नेण्यास वाट नव्हती म्हणूनही, हे पुढे सरकारनियुक्त दुष्काळ आयोगास मान्य करावे लागले. त्या पश्चात्तापातून, आणि असे मार्ग दुष्काळाखेरीजच्या वर्षांत नफा देणार नाहीत या खात्रीतूनही, 1882 साली ही कंपनी उभी राहिली व तिचे ठाणे धारवाडास पडले. होटगीहून विजापूरवरून गदगकडे जाणारा मार्ग 1884 च्या सुमारास सुरू झाला; हुबळी, लोंढा, बेळगाव, मिरज अशी मजल करीत हे रूळ 1890 च्या सुमारास पुण्यास पोहोचले; आणि लोंढ्यापासून कॅसलरॉकपर्यंत गेलेल्या फाट्यास, 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज तहान्वये घातलेला मुरगावचा रेल्वेमार्ग दूधसागरचा घाट चढून येऊन मिळाला. म्हैसूर संस्थानात बंगळूर-म्हैसूर मार्गाचे भराव तर त्याच दुष्काळात खडी फोडून मजुरी मिळविणाऱ्या लोकांनी घातलेले. तो 1882 पर्यंत पुरा झाला. अशा रीतीने दख्खनच्या या मीटरगेजचा पाया पुष्कळ अंशी दुष्काळी कामाचा आहे. स्वस्त रूळ आणि स्वस्त मजुरी यांचे ते लग्न होते. त्यात वाजंत्री वाजली ती पोटातल्या कावळ्यांची.

1908 साली सदर्न मराठा कंपनी मद्रास रेल्वेच्या काही भागाशी एक होऊन मद्रास अँड सदर्न मराठा झाली, आणि आमच्याकडील वडीलधाऱ्यांच्या तोंडी ‘एम. एस. एम.’ हीच अक्षरे राहिली. याच मार्गावरील कुंडल रोड नावाच्या एका आडबाजूच्या स्थानकालगत 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधकर पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर कारखाना थाटला हे सर्वश्रुत आहे. लोखंडी नांगर देशोदेशी धाडावयाचे तर रुळांपासून दूर जाऊन चालणार नव्हते. पण हा सगळा टापू मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे, म्हणून येथे न रेंगाळता मी थेट कावेरीकाठी जातो.

तंजावरची गोष्ट मला फार विलक्षण वाटते. 1855 साली भोसले घराण्यातील शेवटचे राजे शिवाजी निवर्तले, औरस पुत्र नाही या सबबीवर राज्य खालसा झाले, आणि त्यानंतर अवघ्या सहा वर्षांत, 1861 साली, नागपट्टणहून निघालेली आगगाडी तंजावरच्या वेशीत येऊन उभी राहिली. ज्या मराठी कुटुंबांनी पावणेदोनशे वर्षे त्या दरबारची सरदारकी, कारकुनी आणि पौरोहित्य केले त्यांच्या डोळ्यांदेखत राजवाड्याची जडजवाहिरे जप्त झाली आणि राजवाड्यापासून थोड्या अंतरावर शिटी वाजू लागली. ही गाडी ग्रेट सदर्न ऑफ इंडिया कंपनीची, आणि रूळ अस्सल साडेपाच फुटी. 1862 साली ती त्रिचनापल्लीस पोहोचली. पुढे ती कंपनी कर्नाटिक रेल्वेशी मिळून 1874 साली साउथ इंडियन रेल्वे झाली, आणि मग जे घडले ते रेल्वेच्या इतिहासात क्वचितच घडते: मद्रासपासून तुतिकोरीनपर्यंतचे सारे नवे मार्ग मीटरगेजचे ठरल्यामुळे, नागपट्टण-त्रिचनापल्लीचे आधीच घातलेले रुंद रूळ उचलून त्यांच्या जागी अरुंद रूळ टाकण्यात आले. भराव रुंद, पुलांचे खांब रुंद, आणि त्यांवरून धावणारी गाडी मात्र सडपातळ. थोरल्या भावाचा सदरा धाकट्याने अंगात घालावा तसे ते दृश्य पुढे सव्वाशे वर्षे राहिले. गेल्या शतकाच्या अखेरीस त्याच मार्गावर पुन्हा साडेपाच फुटी रूळ येऊ लागले, आणि एका रस्त्याने रुंद, अरुंद आणि पुन्हा रुंद अशी तीन रूपे भोगली.

या जिल्ह्यात रेल्वे नुसती वरून लादली गेली असे मात्र नाही. तंजावरच्या जिल्हा बोर्डाने जमीनमहसुलावर एक लहानसा उपकर बसवून निधी साठविला, आणि त्या निधीतून 1894 साली मायावरमपासून मुथुपेटपर्यंत आपल्या मालकीची रेल्वे काढली. ग्रामीण कारभारी मंडळी शाळा, दवाखाना, रस्त्याची डागडुजी यांच्यापुढे सहसा पाहत नाहीत असा आपला अनुभव; येथे कुळांच्या पैशातून उभी राहिलेली आगगाडी, आणि तिचा नफाही जिल्ह्याच्याच तिजोरीत जमा! हे शक्य झाले ते रूळ अरुंद होते म्हणूनच. साडेपाच फुटांचा खर्च कोणा जिल्हा बोर्डाच्या आवाक्यातला नव्हता. मायावरमहून समुद्रकाठच्या तरंगमपाडीस, म्हणजे डेन्मार्ककरांच्या जुन्या वखारीच्या गावास, याच धर्तीवर पुढे एक फाटा गेला व 1986 साली तो बंद पडला. तेथे डॅनिश किल्ल्याची भिंत अजून समुद्राच्या लाटा मोजीत उभी आहे. रुळांची वाट मात्र गवताखाली शोधून काढावी लागते.

तंजावर ते मायावरम या पट्ट्यात मीटरगेजची पॅसेंजर जात असता, दर थोड्या वेळाने चाकांचा आवाज पोकळ होई आणि खाली एखादी नदी दिसे. वेट्टार, वेन्नार, कुडमुरुट्टी, अरसलार अशी त्यांची नावे. पण त्या साऱ्या कावेरीच्याच लेकी, शेतकऱ्यांच्या पाटांसाठी आईपासून फुटून निघालेल्या. कुंभकोणमास पानमळ्यांच्या करंड्या चढत, आणि पितळी दवऱ्यात कॉफी पिऊन झाल्याखेरीज गाडी हलू नये असा तेथील प्रवाशांचा अलिखित शिरस्ता असे. एकेरी मार्ग असल्यामुळे समोरची गाडी येईपर्यंत थांबणे ओघानेच आले. या थांबण्यामागची व्यवस्था मी एका लहान स्थानकात मास्तरांच्या परवानगीने जवळून पाहिली. त्यांच्या खोलीत लाल रंगाची दोन जडशीळ लोखंडी यंत्रे असत, एक मागच्या स्थानकाशी तारेने जोडलेले व दुसरे पुढच्या. पुढचा मास्तर तिकडून कळ दाबून मान्यता देई तेव्हाच इकडच्या यंत्रातून पोलादाचा एक गोळा गडगडत बाहेर पडे. तो गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला, आणि ते कडे हात उंचावून धरलेल्या सांधेवाल्याच्या हाती. न थांबता जाणाऱ्या गाडीच्या इंजिनातून फायरमन बाहेर झुकून आपला दंड त्या कड्यात घाली व त्याच क्षणी मागील टप्प्याचे कडे खाली फेकी. ज्या ड्रायव्हरपाशी गोळा नाही त्याने पुढच्या रुळांवर चाक घालावयाचे नाही; दोन स्थानकांच्या दरम्यान एका वेळी एकच गोळा बाहेर निघू शकत असल्यामुळे समोरासमोर टक्कर होण्याचा संभवच उरत नसे. या गोळ्यांचे कडे दंडावर आदळून फायरमन लोकांच्या हातांवर काळेनिळे वळ उठत. मास्तरांनी मला हौसेने तो गोळा हाती घेऊ दिला आणि लगेच परतही घेतला, कारण तो माझ्या हाती होता तेवढा वेळ त्या टप्प्यातील वाहतूक कायद्याने माझ्या ताब्यात होती!

काशीची गंगा रामेश्वरास आणि रामेश्वराची वाळू प्रयागास, हा मराठी माणसाचा जुना नेम. विसाव्या शतकाच्या आरंभी साउथ इंडियन रेल्वे मदुरेहून मंडपमपर्यंत गेली, आणि तेथे जमीन संपली. पुढची पांबनची खाडी होडीनेच ओलांडावी लागे. 1914 च्या फेब्रुवारीत त्या खाडीवरचा सुमारे दोन किलोमीटरांचा पूल खुला झाला. दीडशेच्या आसपास गाळ्यांचा, समुद्रसपाटीपासून फारसा उंच नसलेला, आणि मधोमध एक गाळा असा की जहाज आले म्हणजे त्याची दोन पाने आकाशाकडे उचलली जावीत. ही पाने उचलण्यास यंत्रशक्ती नव्हती. दोन्ही बाजूंस माणसे लोखंडी दांडे धरून गोलगोल फिरत, दातेरी चक्रे करकरत, आणि शेकडो टनांचे पोलाद हळूहळू उभे राही. वाऱ्याचा वेग एका मर्यादेपलीकडे गेला की सिग्नल आपोआप तांबडा होई आणि गाडी काठावर ताटकळत राही.

पण पूल बांधला तो यात्रेकरूंच्या पुण्याईवर नव्हे. सिलोनातील चहाच्या मळ्यांस तमिळ मजूर हवे होते आणि मद्रास-कोलंबो व्यापारास जवळची वाट हवी होती. एगमोरहून सुटणाऱ्या ‘बोट मेल’चे तिकीट थेट कोलंबोचे मिळे: धनुष्कोडीपर्यंत मीटरगेज, तेथून तलैमन्नारपर्यंत आगबोट, आणि पलीकडे सिलोनची गाडी. गमतीची गोष्ट अशी की सिलोनच्या इवल्या बेटावरचे रूळ साडेपाच फुटी, आणि खंडप्राय हिंदुस्थानचे त्याच्या दिशेने आलेले टोक मात्र मीटरभर. 1964 च्या 22 डिसेंबरच्या रात्री वादळाने हा सारा व्यवहार एका तडाख्यात संपविला. पांबनहून धनुष्कोडीस निघालेली पॅसेंजर गाडी स्थानकाच्या अलीकडे सिग्नल न मिळाल्यामुळे थबकली होती, आणि तेथेच समुद्राने तिला शंभराहून अधिक माणसांसह गिळले. धनुष्कोडी वस्तीस अयोग्य म्हणून सरकारने जाहीर केली ती कायमचीच. पांबनच्या पुलाचे बहुतेक गाळे वाहून गेले होते. उचलता गाळा तेवढा टिकला. पुढे दिल्ली मेट्रोमुळे नावारूपास आलेले ई. श्रीधरन तेव्हा तरुण अभियंता होते; समुद्रतळी गेलेल्या तुळया कोळ्यांच्या मदतीने हुडकून वर काढीत त्यांनी 46 दिवसांत पूल उभा केला. मूळचा आराखडा साधा आणि तुळया हलक्या, म्हणूनही हे जमले असावे असे मला वाटते. 2007 साली त्यावर ब्रॉडगेज आले, आणि 2025 च्या एप्रिलात शेजारीच बांधलेल्या नव्या पुलाकडे त्याने आपले काम सोपविले.

घाटांत मीटरगेजचे खरे तेज पाहावयाचे तर ते सेंगोट्टै-पुनलूर मार्गावर. तिरुनेलवेलीकडून येताना कुर्ताळमच्या धबधब्यांचा डोंगर डावीकडे ठेवून गाडी तेनकाशी सोडते आणि सेंगोट्टैस येते. हे गाव पूर्वी त्रावणकोर संस्थानात होते, 1956 च्या राज्यपुनर्रचनेत ते मद्रासकडे गेले. त्यामुळे तेथे मल्याळी दरबारी इमारत आणि तमिळ बाजार शेजारी शेजारी नांदतात. त्रावणकोर दरबार, मद्रास सरकार आणि साउथ इंडियन रेल्वे कंपनी यांनी मिळून हा मार्ग आखला व 1904 च्या अखेरीस क्विलॉनपर्यंतची सलग वाहतूक सुरू झाली. त्याच साली त्रावणकोरच्या दिवाणगिरीवर व्ही. पी. माधवराव आले, आणि त्यांच्या आधी, 1858 ते 1872 या काळात, सर टी. माधवराव त्याच गादीवर होऊन गेले होते. दोघेही कुंभकोणमकडचे, तंजावरी मराठी देशस्थ. स्वतःचे राज्य गेल्यावर त्या समाजाने इतरांची संस्थाने चालवून दाखविली. सर माधवराव पुढे इंदूर व बडोद्याचेही दिवाण झाले, ही बाब मराठी वाचकांच्या स्मरणात असेल.

सेंगोट्टै सोडल्यावर गाडीला मागूनही एक इंजिन जोडीत. पुढचे ओढी, मागचे ढकली, आणि दोन्ही ड्रायव्हरांचे संभाषण शिट्यांतून चाले. आर्यंकावूच्या बोगद्यातून बाहेर पडले की पश्चिमेचा ओला वारा अंगावर येई आणि रखरखीत तमिळ पठाराच्या जागी एकदम रबर, साग, फणस आणि सुपारी दिसू लागे. डोंगराच्या दोन अंगांस दोन ऋतू एकाच वेळी नांदत असल्याचे असे उदाहरण मी अन्यत्र पाहिलेले नाही. तेन्मलाजवळ तेरा कमानींचा दगडी पूल लागतो. खाली मोटाररस्ता, बाजूला ओढा, आणि वर अर्धवर्तुळाकार वळत जाणारे डबे. शेवटच्या डब्यातील उतारूस आपले पुढचे इंजिन आडवे दिसावे इतके ते वळण आखूड. मंडलकाळात शबरीमलैचे काळे वस्त्र नेसलेले यात्रेकरू या गाड्यांत दाटीने बसत, आणि एरव्ही तमिळ व्यापाऱ्यांची तांदूळ-भाजीपाल्याची गाठोडी. 2010 साली हा टप्पा बंद झाला, बोगदे रुंदावले, कमानी आतून-बाहेरून काँक्रीटने मजबूत केल्या, आणि 2018 साली तेथून ब्रॉडगेज धावू लागली. कमानी पाडल्या नाहीत याबद्दल रेल्वेला धन्यवाद दिलेच पाहिजेत.

हे सारे रूळ का गेले? 1992 साली रेल्वेमंत्री जाफर शरीफ यांच्या कारकिर्दीत सर्व देशात एकच माप ठेवण्याची योजना निघाली, आणि तिच्याविरुद्ध तर्काला धरून काही बोलणे अवघड होते. वाघीण कन्याकुमारीहून काश्मीरच्या पायथ्यापर्यंत न उतरवता जाणे यात व्यापाऱ्याचे, सैन्याचे आणि मुख्यतः त्या फळीवरून चालणाऱ्या हमालाचे हित होते. मीटरगेज म्हणजे मंदगतीच, हेही खरे नव्हे; 1977 साली सुरू झालेली वैगै एक्सप्रेस मद्रास-मदुरे अंतर ज्या झपाट्याने तोडी त्याने ब्रॉडगेजच्या कित्येक गाड्यांना लाजविले असते, आणि मद्रास बीच-तांबरम मार्गावर 1931 पासूनच विजेच्या मीटरगेज गाड्या धावत होत्या, त्या 2004 च्या मध्यापर्यंत धावल्या. माझी तक्रार निराळी आहे. रूळ बदलताना कामासाठी म्हणून मार्ग बंद केले ते वर्षे, क्वचित तपभर, बंदच राहिले. त्या काळात तेथील माणसे मोटारगाडीच्या सवयीस लागली, आणि रुंद रूळ आले तेव्हा पुष्कळ लहान स्थानकांवर गाडी थांबेनाशी झाली. जिल्हा बोर्डाच्या उपकरातून ज्या गावाने आपली गाडी विकत घेतली होती, त्या गावाच्या फलाटावरून आता ती नुसती धूळ उडवीत जाते. रुंदीचा हिशेब झाला. थांब्यांचा कोणी केला नाही.

दक्षिणेत मीटरभर रूळ आज उरले आहेत ते निलगिरीच्या डोंगरात. मेट्टुपाळयमहून कुन्नूरपर्यंतचा मार्ग 1899 साली व तेथून उटकमंडपर्यंतचा 1908 साली खुला झाला. पण त्याआधी किती कंपन्या निघाल्या आणि बुडाल्या! स्विस अभियंता रिगेनबाख याने आपल्या रिगी पर्वतावरील दातेरी रेल्वेच्या नमुन्यावर योजना मांडली. 1885 साली एक कंपनी निघाली. 1891 साली मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड वेनलॉक यांच्या हस्ते कामास प्रारंभ झाला. तीन वर्षांत ती कंपनी दिवाळखोरीत गेली. अखेर नव्या कंपनीने ते काम पुरे केले आणि सरकारने ती रेल्वे खरेदी केली.

कल्लार या स्थानकापासून चढ सुरू होतो, आणि तो इतका तीव्र की बारा-साडेबारा फूट पुढे गेले की एक फूट वर जावे लागते. नुसत्या चाकांच्या पकडीने हे साधणे अशक्य, म्हणून दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्ट्यांची जोडी बसविलेली आहे. दोन्ही पट्ट्यांचे दाते एकमेकांसमोर नसून मागेपुढे आहेत, जेणेकरून इंजिनाच्या पोटातील दातेरी चाकाचा एक तरी दात सदैव धरलेला राहावा. इंजिने स्वित्झर्लंडातील विंटरथूरची, चार सिलिंडरांची. सपाटीवर त्यांतील दोनच काम करतात. चढ लागला की त्यांतून बाहेर पडलेली वाफ वाया न जाता उरलेल्या दोघांकडे वळते आणि ती दातेरी चाके फिरवितात. इंजिन गाडीच्या मागे, म्हणजे उताराच्या बाजूस. ओढणारे इंजिन पुढे असते आणि साखळी तुटली असती तर डबे दरीत गेले असते. त्यामुळे ड्रायव्हरला वाट दिसत नाही. ती दिसते सर्वांत पुढच्या डब्याच्या उघड्या सज्ज्यात बसलेल्या ब्रेकवाल्याला. तो हिरवे-तांबडे निशाण दाखवितो, मागच्या डब्यांवरचे ब्रेकवाले ते पुढे चालवितात, आणि असे हे वर्तमान डब्याडब्यांतून इंजिनापर्यंत जाते. उतरताना तर प्रत्येक डब्याचा ब्रेक त्या त्या माणसाच्या मनगटात असतो. मी ज्या डब्यात होतो तेथील ब्रेकवाला हिलग्रोव्हला इंजिन पाणी पीत असताना खाली उतरून आपल्या डब्याचे ब्रेक तळहाताने चाचपीत होता, ज्वर पाहावा तसा. मी जवळ गेलो तेव्हा त्याने हातानेच मागे सरण्याची खूण केली, आणि काम झाल्यावर मग हसून “सूडु, सार” एवढेच म्हणाला. गरम आहे, हे त्या तापलेल्या लोखंडाजवळ उभे राहिल्यावर भाषांतर न करताही कळत होते.

1928 साली नागपट्टणहून हलवून त्रिचनापल्लीजवळ गोल्डन रॉक येथे नेलेला साउथ इंडियन रेल्वेचा कारखाना या इंजिनांची देखभाल करतो. विंटरथूरच्या जुन्या इंजिनांचे सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा याच कारखान्याने तेलावर चालणारी नवी वाफेची इंजिने जुन्या आराखड्याबरहुकूम घडविली, आणि 2021 साली कोळशावर चालणारेही एक नवे कोरे इंजिन बाहेर काढले. वाफेचे इंजिन बांधण्याचे कसब जगातून बहुतेक लोपलेले असताना ते त्रिचनापल्लीच्या लोहारशाळेत अद्याप चालू आहे, आणि तेथे काम शिकणारे पोरसवदा कारागीर अजूनही मीटरभराच्या मापाने धुरा कातीत असतात.